खर्जाच्या दोन तारा

सुचेताचा मंगळवार कडक असे. दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, पायात चप्पल नाही आणि देवीचं दर्शन होईपर्यंत तोंडातून वाकडा शब्द नाही. वाकडा शब्द तशी ती एरवीही काढत नसे. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, सुचेतावहिनी भांडायला उभी राहिली तरी समोरच्याला वाटेल, आरती म्हणतेय.

त्या मंगळवारी नवघर रोडवरच्या देवळातून निघून ती गोडदेवच्या शेअर रिक्षात चढली. आत एक दाढीवाला माणूस आधीच बसला होता. पस्तिशीचा असेल, केस मागे बांधलेले. त्याच्या मांडीवर भलीमोठी काळी पेटी आडवी होती आणि तिचं निमुळतं टोक रिक्षाच्या बाहेर आलं होतं.

"भाई, ये तोप अंदर लो," रिक्षावाला आरशातून म्हणाला. "कोई बाइकवाला ठोकेगा तो नाम मेरा आएगा."

"तोप अंदर ली तो मैं बाहर लटकूंगा."

"तो लटको. तुम्हारा सीट का भाडा तो लगेगाच."

दाढीवाला हसला आणि सुचेताकडे वळून म्हणाला, "सॉरी हां काकू. जरा अडचण होतेय तुम्हाला."

सुचेताचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतंच. ती पेटीकडे बघत होती. तीच लांबी, तसेच चपटे खटके, आणि मानेकडची बाजू नेहमीच्या पेटीपेक्षा रुंद. अशी पेटी तिच्या घरी माळ्यावर होती. परक्या माणसाशी आपणहून बोलायची तिला सवय नव्हती, तरी तिने विचारलं, "यात आठ तारांची आहे का हो?"

तो चपापला. "काय म्हणालात?"

"गिटार. सहाची नाही, आठ तारांची."

"अहो काकू, माझी सख्खी आई अजून याला बेंजो म्हणते. तुम्हाला आठ तारा कुठून कळल्या?"

"माझ्या मुलाकडे आहे."

"इथे? भाईंदरला?" तो एकदम सावरून बसला. "कोण? आठ तारावाले मी सगळे ओळखतो. आहेतच कितीसे. नाव काय त्याचं?"

"साईराज. साईराज शिगवण. तुम्ही नाही ओळखणार. तो कुठे बाहेर वाजवायला गेला नाही. कानाला ते लावून घरीच वाजवायचा."

"वाजवायचा म्हणजे? सोडली?"

सुचेताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. रिक्षा सिग्नलला थांबली होती. पुढच्या टेम्पोत स्टीलच्या ताटांच्या चळती दोरीने बांधलेल्या होत्या आणि टेम्पो जागेवर थरथरत असल्याने त्या बारीक किणकिणत होत्या. तिने तिकडून नजर काढून घेतली.

"त्याचा हात गेला," ती म्हणाली. "डावा. सगळा नाही. तीन बोटं."

साईराज अशाच ताट-वाट्यांच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून ताटं काढायच्या प्रेसवर होता. गिटार त्याने हप्त्याने घेतली होती आणि हप्ते फेडायला तो ओव्हरटाइम करायचा. नाथा, त्याचे वडील, एका टॉवरवर सिक्युरिटीला होते. ते म्हणायचे, "सहा तारांनी काय पोट दुखत होतं म्हणून आठ हव्यात?" साईराज आईला समजावून सांगायचा. "आई, तुमच्या भजनात बुवा खर्ज लावतात ना, तशा या दोन तारा. साध्या गिटारीला एवढं खाली जाताच येत नाही." ते खाली जाणं सुचेताच्या कानी कधी पडलं नाही. घर एका खोलीचं. पहाटे तिचा जप आणि रात्रपाळी करून आलेल्या नाथांची झोप. म्हणून पोरगं आपलं कानाला हेडफोन लावून बसायचं. बाहेर ऐकू यायची ती नुसती तारांची बारीक टिणटिण.

हप्ते संपायला थोडेच राहिले होते. ओव्हरटाइमच्याच एका संध्याकाळी प्रेसच्या साच्यात अडकलेलं ताट काढायला त्याने हात घातला आणि प्रेस खाली आली.

दवाखान्यातून आला त्या दिवशी त्याने आपल्याच हाताने पेटी बंद केली, उजव्या हाताने उचलून माळ्यावर टाकली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजला. तो अजून तसाच होता. वाढलं तर चार घास खाई, विचारलं तर हूं म्हणे.

सुचेता तेव्हा नवस बोलली. रत्नागिरीला तिच्या माहेरच्या गावात पद्धत होती, ज्याच्यासाठी मागणं मागायचं त्याच्याजवळ नारळ ठेवायचा. होडीला मासळी लागत नसेल तर होडीत, गाय आटली तर गोठ्यात. तिच्या आईने तर एकदा भाताच्या कणगीत ठेवला होता. हळद-कुंकू लावायचं, तांबड्या फडक्यात बांधायचा, मनात गाऱ्हाणं घालायचं. मग मागणं पुरं होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, उघडून बघायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. सुचेताने स्टूल घेतलं, साईराज झोपेत असताना माळ्यावरची पेटी अर्धवट उघडली आणि गिटारीच्या मानेखाली तो वायरी ठेवायचा त्या कप्प्यात नारळ ठेवला. नारळ बेताचाच होता. तरी कप्प्याचं झाकण लागेना, म्हणून ते तिने काढून बाजूला ठेवलं. मनात म्हणाली, आई, माझं पोरगं आपल्या हाताने ही पेटी उघडेल तेव्हा तुझी ओटी भरायला गावाला येईन.

यातला नारळाचा भाग तिने रिक्षात सांगितला नाही. तो सांगायचा नव्हताच. बाकी सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिला लाज वाटली. कोण कुठला माणूस.

दाढीवाला तिच्याकडे वळला. "कुठली तीन?" त्याने विचारलं.

"मधलं, त्याच्या पुढचं आणि करंगळी. अंगठा आणि त्याच्या शेजारचं आहे."

"ते आहे ना? पूर्ण?"

"हो."

"मग काकू, ऐका माझं." त्याने पेटीवरच आपलं बोट आडवं ठेवलं. "सहा तारांवर हे अवघड आहे. खोटं नाही सांगत. पण आठ तारांत खालच्या तारा अशा उतरवून लावता येतात, की एकच बोट असं आडवं दाबलं की भरलेला सूर मिळतो. आमच्यातले अर्धे लोक चार बोटं असून एकानेच वाजवतात. आळशी साले. आणि या गिटारीत सूर हाताखालीच इतके असतात की हात फार पळवावा लागत नाही. त्याच्याकडे सहाची असती तर मी काही बोललो नसतो."

"म्हणजे त्याला वाजवता येईल?"

"पहिल्यासारखं नाही. पण येईल. वाजवणारा असेल तर येईल."

सुचेताच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं.  तिने रिक्षाची दांडी धरली. "तुम्ही आत्ता येता का हो घरी? इथेच आहे, नाक्यावर. त्याला एवढंच सांगा, मला सांगितलंत तेवढं. मी सांगून तो ऐकायचा नाही. मला त्यातलं काय कळतं?"

त्याची रिहर्सल होती, पुढच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात. त्याने फोन काढला, कुणाला तरी "उशीर होतोय रे, ड्रम लावून ठेव" म्हणाला आणि तिच्याबरोबर उतरला. उतरताना रिक्षावाला म्हणाला, "तोप संभालके."

त्याचं नाव उदय होतं. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि शिगवणांची खोली सगळ्यात वर, गच्चीच्या खाली. पेटी घेऊन जिने चढताना तो मध्येच टेकला. "तुम्ही अनवाणी पुढे आणि मी बूट घालून मागे," तो धापा टाकत म्हणाला. "काय खाता काय तुम्ही, काकू?"

"आज उपास आहे," सुचेता म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

साईराज पलंगावर भिंतीकडे तोंड करूनच होता.

"साई, कोण आलंय बघ."

"कोण?" तो वळला नाही.

"मी उदय. तुझी आई मला रिक्षातून उचलून घेऊन आलीय."

साईराजने मान वळवली आणि मग तो ताडकन उठून बसला. "उदयदादा? तुम्ही? मी वसईला होतो तुमच्या शोला. पुढेच उभा होतो." बोलता बोलता त्याने डावा हात चादरीखाली सरकवला.

उदयने तो हात पाहिला न पाहिल्यासारखं केलं. पलंगाच्या कडेवर बसला, पेटी उघडली, आपली गिटार मांडीवर घेतली आणि डाव्या हाताची तीन बोटं तळव्यात दुमडली. उरलेलं एकच बोट जाड तारांवर आडवं ठेवून तो वाजवू लागला. स्पीकर नव्हता, काही नव्हतं, पण लाकडातून घुमून येणारा सूर सुचेताला ओट्याजवळ उभ्या उभ्या ऐकू आला. बोट वर सरकलं की सूर चढे, खाली आलं की उतरे. साईराज त्या बोटाकडे बघत होता. तहान लागलेलं माणूस दुसऱ्याच्या हातातल्या तांब्याकडे बघतं, तसा.

"सगळ्यात खालची एफ शार्प उतरवून ई केलीत?" त्याने विचारलं.

"बरोबर. आणि तिच्या वरच्या तशाच."

"मग तार ढिली नाही पडत?"

"जाड लावायची. माझी आहे ती बघ, केवढी जाड आहे. कपडे वाळत घाल हवं तर."

साईराज हसला. सुचेताने देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. कपडे, तार, एफ शार्प, तिला त्यातलं काही उमगत नव्हतं. पोरगं आपणहून प्रश्न विचारत होतं, तेवढं मात्र तिला कळत होतं.

"तुझी काढ," उदय म्हणाला. "हाताला सवय असते आपल्या गिटारीच्या मानेची. माझीची मान जाडी आहे."

साईराजने माळ्याकडे पाहिलं. मग उठला. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि पेटीला हात घातला. सुचेता पुढे झाली नाही.  नवस बोलली होती तसंच घडत होतं, अक्षर न् अक्षर. आता तो पेटी उघडेल, त्याला तांबडं फडकं दिसेल, विचारेल हे काय, आणि मग सांगायला हरकत नाही. मागणं पुरं झाल्यावर सांगायला हरकत नसते. तो हसेल, उदय चेष्टा करेल, आणि ती गूळ-खोबऱ्याचा प्रसाद हातावर ठेवेल. गावाला कधी निघायचं हेसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

साईराजने पेटी पलंगावर ठेवली आणि खटके दाबले. एक खटका निघेना. उदयने अंगठ्याने जोर देऊन तो उघडला.

आधी वास आला. आंबलेल्या, नासलेल्या खोबऱ्याचा. या वासाची पुसट झुळूक सुचेताला मधूनमधून येत असे. गटार तुंबलं असेल, माळ्यावर उंदीर मेला असेल, असं ती समजत आली होती. उन्हाळ्याच्या दिवसांत वरचा स्लॅब तव्यासारखा तापे, माळ्यावर हात ठेववत नसे. नारळ त्या तापाने उभा तडकला होता. पाणी कप्प्यातून पाझरून पेटीच्या आतल्या मऊ अस्तरात मुरलं होतं आणि बंद पेटीत तिथेच राहिलं होतं. अस्तरावर हिरवी-काळी बुरशी. गिटारीच्या पोटावरच्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगलेल्या. मानेचं लाकूड पाणी पिऊन सुजलं होतं, ज्या पट्ट्या चिकटवून ती मान केलेली असते त्या एकमेकींपासून सुटल्या होत्या, आणि वरची काळी फळी कडेने उचलली होती. साईराजने एका तारेला बोट लावलं. ती तुटली. आवाज न करता, जुन्या दोऱ्यासारखी.

त्याने मानेखालून तांबडं फडकं बाहेर काढलं. ते गळत नव्हतं, वाळून कडक झालं होतं.

"हे काय आहे?"

सुचेता पलंगाजवळ आली. "तुझ्यासाठी. नवस होता."

"पेटीत?"

"तुझ्या वस्तूजवळ ठेवायचा असतो. गावाला असंच करतात."

साईराजने फडकं सोडवलं, तडकलेला नारळ बघितला, परत गुंडाळला. "यात पाणी असतं गं, आई," तो म्हणाला. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला.

उदयने गिटार अलगद बाहेर घेतली. बंदुकीचा नेम धरावा तशी डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, मानेवरून नजर फिरवली. मग तिला फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एक कारागीर आहे माझ्या ओळखीचा," तो म्हणाला. "अंधेरीला. बघू त्याला विचारून. पोटावरच्या या पट्ट्या, पिकअप, दुसरे टाकता येतील..."

"दादा, मान पिळलीय. मला दिसतंय."

 उदयने ती गिटार पलंगावर ठेवली, आपली उचलली आणि साईराजच्या मांडीवर दिली. "ही घे. वाजव. मी म्हणतो म्हणून वाजव."

साईराजने ती नीट धरली. चादरीखालचा हात पहिल्यांदा उजेडात आला. त्याने उरलेलं बोट जाड तारांवर आडवं टेकवलं आणि उजव्या हाताने तारा छेडल्या. सूर आला. स्वच्छ, खोल. त्याने बोट सरकवलं, पुन्हा छेडल्या, तोही आला.  सुचेताला वाटलं, येतंय, सगळं जमतंय, देवी आई, अजून जमतंय.

मग त्याने तळवा तारांवर ठेवून सूर बंद केला.

"छान आहे तुमची," तो म्हणाला आणि गिटार परत दिली.

"अरे, आलं की तुला! पहिल्या फटक्यात आलं. तू गाळ्यावर ये. रोज ये. माझी जुनी तिथेच पडून असते, ती वाजव, जोवर..."

"हो दादा."

"नक्की येशील?"

"हो, येईन ना."

तो हसतमुख बोलत होता, पण कुठला गाळा, कुठली गल्ली, हे त्याने विचारलं नाही. उदयच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने आपला नंबर सांगितला, साईराजने फोनवर बोटं फिरवल्यासारखं केलं. उदयचा फोन मघापासून थरथरत होता. तो उठला. दारात सुचेताला म्हणाला, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," आणि आपलं बोलणं आपल्यालाच पोकळ वाटल्यासारखा मान खाली घालून जिना उतरला. त्याची पेटी कठड्याला आपटत गेल्याचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

सुचेता दाराशीच उभी होती. आत साईराज खिडकी उघडून, जुनं वर्तमानपत्र घेऊन पेटी पुसायला लागला होता. बुरशी निघत नव्हती, पसरत होती.

"साई, ओरड माझ्यावर," ती म्हणाली. "काहीतरी बोल मला."

"तुला कशाला ओरडू? तू मुद्दाम केलंस काय?"

"मला कळायला हवं होतं."

"तुला कसं कळणार." त्याने कागदाचा बोळा केला.  तिच्याकडे न बघता म्हणाला, "बोटं गेली ना, तेव्हा माळ्याकडे बघून वाटायचं, ती तर आहे. जिच्यासाठी गेली ती घरात आहे. वाजवायची नव्हतीच मला. नुसती आहे, एवढं बरं वाटायचं."

सुचेता खाली बसून फरशीवर पडलेले कागदाचे बोळे गोळा करू लागली.

त्याने गिटार पेटीत ठेवून झाकण लावलं, पेटी पलंगाखाली सारली. मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, हुंगून बघितले. मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "हा नारळ असा तडकला की काय करायचं असतं? कचऱ्यात नसेल ना चालत. मी मुर्ध्याला खाडीत सोडून येतो संध्याकाळी."

 खराब निघालेल्या नवसाच्या नारळाचं काय करतात, हे तिच्या आईने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"आणि बाबांच्या टॉवरवर ती जागा आहे का अजून? गेटवरची. एका हाताने होईल म्हणत होते ते."

"तुला नको होती ना ती?"

"आता चालेल." तो जमिनीवर मांडी घालून बसला. "जेवायला वाढ. भूक लागलीय."

दवाखान्यातून आल्यापासून त्याने हे वाक्य उच्चारलं नव्हतं. या वाक्यासाठी तिने मंगळवार धरले होते, चप्पल सोडली होती, एकेक पदार्थ देवापायी वर्ज्य करत आली होती. ती उठली. भात गरम केला, आमटी ढवळली, ताट मांडलं. तो जेवायला लागला. नीट, सावकाश, डावा हात मांडीवर उघडाच ठेवून. ड्युटीवर गेलेल्या नाथांनी पाहिलं असतं तर त्यांना आनंद झाला असता. सुचेता पळी हातात धरून समोर बसली होती. तिला वाटत होतं, आता तरी ओरडेल, आता ताट लोटेल, काहीतरी फोडेल. तिने मनातल्या मनात तेच मागितलं.

"आमटी वाढ अजून," साईराज म्हणाला.

तिने वाढली.